चाळीस सेशनचं पॅकेज घेण्याआधी

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. बालमानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान करून मिथाइलफेनिडेटची गोळी लिहून दिली, आणि ती चिठ्ठी महिनाभर फ्रिजवर मॅग्नेटखाली तशीच आहे. मधल्या काळात कुणीतरी न्यूरोफीडबॅकचं, म्हणजे मेंदूचे तरंग मशीनवर बघून ते बदलायला शिकवणारं सेंटर सुचवलं. तिथे डोक्याला टोपी घालून 'ब्रेन मॅप' काढला, लाल डाग दाखवले आणि चाळीस सेशनचं साठ हजारांचं पॅकेज सांगितलं. औषध नको, गुण कायमचा. शिवाय तुमची उडालेली झोप आणि सासऱ्यांचा विसराळूपणा त्याच मशीनवर, फॅमिली डिस्काउंटमध्ये. शनिवारपर्यंत भरले तर आणखी दहा टक्के सूट. तुम्ही विचारताय की हे खरंच चालतं का, आणि पैसे भरावेत का.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. पुण्यात अठरा वर्षं मुलांबरोबर काम करतेय आणि त्यातली बरीच वर्षं मी स्वतः न्यूरोफीडबॅक केलंय. मशीन अजून कपाटात आहे, अधूनमधून बाहेर निघतं. या कामाचे पैसे मीही घेतलेत, तेव्हा जे सांगतेय ते काठावर बसून सांगत नाहीये.

तुमच्या मजकुरात 'गोळी' हा शब्द सहा वेळा आलाय आणि 'न्यूरोफीडबॅक' तीनदा. मला वाटतं, खरा प्रश्न गोळीचा आहे. मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून 'ही नशेच्या औषधांच्या यादीतली आहे, आम्ही ठेवत नाही' असं म्हटल्यावर कोणत्या आईचे हातपाय गार पडणार नाहीत? त्यानंतर कुणी म्हणालं की गोळीशिवाय होतं, तर साठ हजारसुद्धा स्वस्तच वाटतात. तेव्हा दोन्हींबद्दल लिहिते, मशीनबद्दल आधी.

न्यूरोफीडबॅक म्हणजे जादू नव्हे आणि शॉकही नव्हे. मशीन मेंदूत काहीही सोडत नाही, फक्त बाहेर येणारं मोजतं. माणसाच्या मेंदूतले विजेचे तरंग कवटीवरून टिपता येतात हे जर्मनीतल्या येना गावी हान्स बेर्गर या डॉक्टरने 1924 साली पहिल्यांदा करून पाहिलं आणि 1929 मध्ये छापलं. तोच ईईजी. हे तरंग इतके क्षीण असतात की मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावे लागतात. माझ्याकडे मूल आलं की मी डोक्याच्या मधोमध, टाळूवर, केस बाजूला करून खरखरीत जेलने कातडी हलकेच घासते, वर चिकट पेस्टचा गोळा लावून इलेक्ट्रोड बसवते आणि कानाच्या पाळ्यांना एकेक क्लिप. मुलांना पेस्ट मुळीच आवडत नाही. घरी जाऊन केस धुवावे लागतात. मग समोरच्या स्क्रीनवर रॉकेट येतं. हवे ते तरंग वाढले की रॉकेट पुढे जातं, नको ते वाढले की थांबतं. कसं वाढवायचं ते मुलाला सांगता येत नाही, कारण ते मलाही माहीत नाही. तीस मिनिटं तो अंदाज घेत राहतो. सायकल शिकवताना तोल म्हणजे काय ते आपण समजावत नाही, मागून धरून धावतो, तसं काहीसं. निदान कल्पना तरी तशी आहे.

ही कल्पना आली कुठून ते मला नेहमी सांगावंसं वाटतं, कारण त्यात मांजरं आहेत. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन नावाच्या संशोधकाने मांजरांच्या मेंदूत सेकंदाला 12 ते 15 आवर्तनांचे तरंग वाढले की त्यांना खाऊ द्यायला सुरुवात केली. मांजर अंग स्थिर ठेवून सावध बसलं की हे तरंग येतात. उंदराच्या बिळासमोर बसलेलं मांजर आठवा. मांजरं ते शिकली. पुढे रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी रसायनाची चाचणी त्याच प्रयोगशाळेत झाली. त्या रसायनाने फिट येते. पण हे शिकलेल्या मांजरांना फिट उशिरा आली, काहींना आलीच नाही. हे कुणी ठरवून शोधलेलं नव्हतं. मांजराला प्लासिबो, म्हणजे उपचार मिळतोय या नुसत्या विश्वासाने बरं वाटणं, कळत नाही, त्यामुळे या निरीक्षणाला वजन आलं. 1972 मध्ये स्टर्मननी फिट येणाऱ्या एका तरुणीवर तेच करून बघितल्याचं प्रसिद्ध केलं, आणि 1976 मध्ये टेनेसीत जोएल लुबार यांनी एका अतिचंचल मुलावर. तिथून हा विषय आपल्यापर्यंत आला. सुरुवात भोंदूपणाची नव्हती, हे मुद्दाम सांगतेय. गोंधळ पुढे झाला.

एडीएचडीच्या बऱ्याच मुलांच्या ईईजीत संथ थीटा तरंग जास्त आणि जलद बीटा तरंग कमी दिसतात असं त्या काळच्या अभ्यासांत आढळलं. मग थीटा कमी करायला आणि बीटा वाढवायला शिकवलं तर लक्ष सुधारेल, असा सरळ हिशोब मांडला गेला. 2009 साली तोवरचे अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात लक्ष आणि उतावीळपणा या दोन्हींवर मोठा परिणाम दिसला. तेव्हा मी या कामात नवी होते आणि तो निबंध बॅगेत घेऊन फिरायचे. शंका काढणाऱ्या डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवायचे.

नंतर लोकांनी एक साधा प्रश्न विचारला: मूल सुधारलं हे सांगतंय कोण? पैसे भरलेले, आठवड्यातून तीनदा रिक्षाने नेऊन आणणारे आईबाबा सांगताहेत, की उपचाराचा पत्ता नसलेले शिक्षक? 2013 मध्ये हा फरक करून पुन्हा बेरीज-वजाबाकी झाली. पालकांच्या मते सुधारणा होती. ज्यांना उपचार माहीत असण्याची शक्यता कमी होती त्यांच्या मतांत ती जवळजवळ विरून गेली. पालक खोटं बोलत होते असं नव्हे. आशेने बघणारा डोळा वेगळं टिपतो, एवढंच.

यावरचा सगळ्यात कसदार प्रयोग अमेरिकेत झाला आणि 2021 मध्ये छापून आला. 7 ते 10 वर्षांची 142 मुलं, म्हणजे तुमच्याच मुलाच्या वयाची. प्रत्येकाला 38 सेशन, जवळपास तुमच्याइतकीच. काहींना खरं न्यूरोफीडबॅक आणि बाकीच्यांना हुबेहूब खोटं: स्क्रीनवर दुसऱ्याच मुलाचं आधी रेकॉर्ड केलेलं ईईजी चालायचं. त्यातली चलाखी बघा. समोरच्या मुलाने डोळे मिचकावले किंवा मान हलवली तर ते त्या रेकॉर्डिंगवर चढवलं जायचं, म्हणजे गेम आपल्यामुळेच अडला असं त्याला वाटावं. कोण कुठल्या गटात हे मुलाला, आईबाबांना, शिक्षकांना कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी दोन्ही गटांत लक्ष चांगलंच सुधारलं. खऱ्या आणि खोट्यात मात्र फरक निघाला नाही, तेव्हाही नाही आणि 13 महिन्यांनी पुन्हा बघितलं तेव्हाही नाही. 2024 च्या डिसेंबरमध्ये 'जामा सायकिअॅट्री' या नियतकालिकात 38 चाचण्यांतल्या 2,472 जणांचा एकत्रित अभ्यास आला. तिथेही तेच: आंधळ्या मोजमापात, म्हणजे कुणाला कोणता उपचार मिळाला हे माहीत नसलेल्यांच्या मोजणीत, एडीएचडीच्या लक्षणांवर जाणवण्याजोगा फायदा नाही, माहिती हाताळण्याच्या वेगात थोडी सुधारणा. ठरावीक, जुन्या पद्धती काटेकोर वापरल्या तिथे थोडा परिणाम दिसला, पण थोडाच.

हे पचवायला मला वेळ लागला. कारण माझ्यासमोर मुलं खरोखर सुधारत होती, आया पेढे घेऊन येत होत्या. मग मी माझ्या सेशनमध्ये नेमकं काय घडतं ते बघायला लागले. एरवी दिवसभर 'बस खाली', 'लक्ष कुठंय', 'शंभरदा सांगितलं' ऐकणारं मूल आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास एका मोठ्या माणसाबरोबर बसतं, आणि तो माणूस त्याला एकदाही ओरडत नाही. दर काही सेकंदांनी त्याला 'जमलं' असं कळतं. आई बाहेर बसलेली असते. जाता-येता दोघं गप्पा मारतात, घरी जे होत नाही ते रिक्षात होतं. मी आईला विचारते, झोपला कधी, मोबाइल किती बघितला, आणि विचारणार हे माहीत असल्याने ती लक्ष ठेवते. तीन महिन्यांत मूल तीन महिन्यांनी मोठंही झालेलं असतं. यातलं किती तरंगांमुळे आणि किती बाकीच्यामुळे, हे माझ्या खोलीत बसून मला कळणं शक्यच नव्हतं. ते कळायला 142 मुलं आणि ते खोटं रेकॉर्डिंगच लागतं.

त्यात मुलं हुशार. एक सहावीतला मुलगा होता, रॉकेट भन्नाट पळवायचा. बीटाचा पट्टा भरभरून वर. मी खूश, त्याची आई खूश. एकदा मी समोरून न बसता बाजूला खुर्ची घेऊन बसले, तर कानाजवळचा जबड्याचा स्नायू टरारलेला. पठ्ठ्या दात आवळून बसायचा! जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या तरंगांपेक्षा कितीतरी दणकट असते आणि ती नेमकी त्या जलद पट्ट्यात मिसळते. चार आठवडे मी त्याला दात आवळायचं प्रशिक्षण देत होते. त्याला विचारलं तर म्हणाला, 'असं केलं की जातं ना पुढे.' चुकला नव्हताच तो.

आता त्या लाल डागांबद्दल. ब्रेन मॅपमध्ये तुमच्या मुलाचे आकडे त्याच वयाच्या इतर मुलांच्या सरासरीशी ताडून बघतात आणि फार दूर गेले की लाल-निळा रंग देतात. डोक्यावर 19 जागा आणि प्रत्येक जागी चार पट्टे धरले तरी 76 आकडे झाले. कुणाही धडधाकट मुलाचे यातले तीन-चार आकडे केवळ योगायोगाने मर्यादेबाहेर जाणारच. रंगवलेलं डोकं बघून ते लक्षात येत नाही, कारण योगायोगालाही रंग लालच दिलेला असतो. शिवाय पेंगुळलेल्या मुलाचा थीटा वाढतो. तुम्ही पहाटे पाचला उठवून बसने तीन तास आणलंय, लिहिलंय ना तुम्ही. मग ते डाग कशाचे, एडीएचडीचे की झोपेचे? थीटा-बीटा गुणोत्तर मोजणाऱ्या एका यंत्राला 2013 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, परवानगी दिली ती निदानाला मदत म्हणून, आणि 2016 मध्ये तिथल्या न्यूरोलॉजी अकादमीने सांगितलं की नेहमीच्या तपासणीची जागा हा आकडा घेऊ शकत नाही. एडीएचडीचं निदान घर आणि शाळा दोन्हीकडची हकीकत ऐकून होतं. तुमच्या डॉक्टरांनी दीड तास बोलून जे लिहिलं ते त्या रंगीत कागदापेक्षा भरवशाचं आहे.

याच्या उलटही एक सांगितलं पाहिजे, ते माझ्याच चुकीचं आहे. सुरुवातीच्या वर्षांत एक आठ वर्षांची मुलगी यायची. तक्रार एकच, 'वर्गात हरवते'. चंचल अजिबात नाही, शांत. माझ्या सॉफ्टवेअरवर वर-खाली होणारे पट्टे दिसायचे, आणि तरंग अचानक फार मोठे झाले की ते 'हालचाल' समजून गेम आपोआप गोठायचा. तिचा गेम वरचेवर गोठायचा. मी म्हणायचे, 'बाळा, हलू नकोस हं.' ती म्हणायची, 'मी नाही हलले.' असं बावीस सेशन. एकदा पट्ट्यांचं चित्र बंद करून मूळ रेघ उघडली, तर गेम गोठला त्या क्षणी सेकंदाला तीनच्या लयीत टोक आणि लाट, टोक आणि लाट, आठ-नऊ सेकंद. आपल्या दिशेने बघत असलेली ती मुलगी त्या वेळी तिथे नव्हतीच. त्या अॅबसेन्स प्रकारच्या फिट्स होत्या. बालन्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं, औषध सुरू झालं, पुढच्या परीक्षेत वही पूर्ण होती. ती खरं बोलत होती आणि मी बावीस वेळा तिला हलू नको म्हणाले, हे माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हापासून मूळ रेघ उघडी ठेवल्याशिवाय मी इलेक्ट्रोड लावत नाही. तुम्हीही सेंटरला विचारा, मूळ ईईजी कोण वाचतं. 'सॉफ्टवेअर वाचतं' असं उत्तर आलं तर समजून घ्या.

म्हणून मशीनच्या आधी काही गोष्टी तपासल्या गेल्या आहेत का ते बघा. डोळे आणि कान. रात्री घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का. अॅडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेली मुलं दिवसा चिडचिडी आणि बेलक्ष होतात आणि एडीएचडीच्या शिक्क्याखाली फिरत राहतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड. आणि वाचन. तुम्ही लिहिलंय की गणित तोंडी पटापट सोडवतो पण धडा वाचायला घेतला की दहा मिनिटांत उठून पळतो. हे मला लक्षाचं कमी आणि वाचनाचं जास्त वाटतंय, किंवा दोन्ही. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अडचण, असेल तर चाळीस काय, चारशे सेशननीही अक्षरं सुटी होणार नाहीत. त्याची चाचणी वेगळी असते. मुंबईत सायन आणि नायरसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत ती होते. तुमच्या जिल्ह्यात कुठे होते ते डॉक्टरांना विचारा. प्रत्यक्ष न बघता मी इथून याहून जास्त ठामपणे बोलू शकत नाही.

आता गोळी. मिथाइलफेनिडेट 1950 च्या दशकापासून वापरात आहे. ते एनडीपीएस या नशेच्या औषधांवरच्या कायद्याच्या यादीत आहे, म्हणून प्रत्येक दुकानदार ठेवत नाही आणि नेहमीच्या चिठ्ठीवर सहज देत नाही. मोठ्यांकडून त्याचा गैरवापर होऊ शकतो म्हणून ते यादीत गेलं. निदान नीट झालेल्या मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं तर पुढे तो व्यसनी होतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. साधी गोळी साधारण चार तासांत उतरते. रक्तात साठून राहणारं हे औषध नाही. नाही पटली तर बंद करता येते, फक्त डॉक्टरांशी बोलून. त्रास होतात. भूक मरते, डबा तसाच परत येतो. म्हणून गोळी नाश्त्यानंतर देतात आणि संध्याकाळचं जेवण भरपेट ठेवतात. काहींची झोप लांबते. उंची-वजनावर थोडा परिणाम होऊ शकतो, म्हणून दर काही महिन्यांनी मोजायचं. सुरू करण्याआधी नाडी, रक्तदाब आणि घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला होता का, हे विचारतात. विचारलं नसेल तर तुम्ही सांगा. काही मुलं 'गप्प' होतात, तेव्हा बहुतेकदा मात्रा जास्त असते किंवा औषध बदलायचं असतं. गप्प मूल म्हणजे गुण आला असं कुणी म्हणत असेल तर मान्य करू नका.

गोळीबद्दलही फार मोठ्या आशा लावू नयेत. अमेरिकेत 579 मुलांवर झालेल्या 1999 च्या प्रसिद्ध प्रयोगात चौदा महिन्यांनंतर, काळजीपूर्वक दिलेलं औषध नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्ट सरस ठरलं. पण त्याच मुलांना तीन वर्षांनी तपासलं तेव्हा गटांमधला फरक पुसला गेला होता. औषध चालू असेपर्यंत लक्षाचं दार उघडं ठेवतं. त्या दारातून काय आत न्यायचं हे घर आणि शाळा ठरवतात.

घरचं म्हणजे पालक-प्रशिक्षण. नाव ऐकून बहुतेक पालकांना राग येतो, 'म्हणजे चूक आमचीच का?' तसं नाही. साध्या मुलाला साधे आईबाबा पुरतात, या मुलाला जरा तरबेज लागतात. एक उदाहरण देते. सकाळी आपण स्वयंपाकघरातून ओरडतो, 'दप्तर भर, बाटली घे आणि बूट घाल!' यातलं तुमच्या मुलाला ऐकू येतं फक्त 'बूट', आणि बुटापाशी पोचेपर्यंत त्याला वाटेत बॉल दिसतो. त्याऐवजी जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, डोळ्यांत बघून एकच सांगायचं, 'दप्तर.' झालं की तिथल्या तिथे 'शाब्बास', रात्री बाबा आल्यावर नाही. मग बाटली. सुरुवातीला वेळखाऊ वाटतं. दोन आठवड्यांनी घड्याळ लावून बघा. अभ्यास दहा-दहा मिनिटांचा, मधे उठायची परवानगी आधीच दिलेली. शाळेत खिडकीपासून लांब, पुढचा बाक, आणि फळा पुसायचं काम त्यालाच. हे गोळीसकटही करायचं आणि गोळीशिवायही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत या वयासाठी औषध आणि वर्तनोपचार दोन्ही आहेत. ईईजी बायोफीडबॅक मात्र पुरेशा पुराव्याअभावी शिफारस न केलेल्या उपचारांत टाकलंय. काही सेंटर 'अमेरिकन अकादमीमान्य' असा फलक लावतात, त्याची एवढीच हकीकत.

तुमची झोप आणि सासरे, थोडक्यात. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या संशोधकांनी 2017 मध्ये निद्रानाश असलेल्यांना खरं आणि खोटं न्यूरोफीडबॅक आलटून-पालटून दिलं. लोकांना दोन्हींनी सारखंच बरं वाटलं आणि झोपेच्या मोजणीत फरक पडला नाही. झोपेसाठी आधी करायचा उपचार म्हणजे सीबीटी-आय, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी थेरपी: उठायची वेळ रोज एकच, झोप लागत नसेल तर अंथरुणातून उठून बसायचं, दुपारची डुलकी बंद. त्यात तुमचे तीन-चार आठवडे जातील आणि पहिला आठवडा वाईट जाईल. सासऱ्यांना न्यूरोलॉजिस्टकडे न्या. बी-12, थायरॉइड, ऐकू येणं, उदासी, रोजच्या गोळ्यांची यादी, इथून सुरुवात होते. विसरण्याला गेम खेळवत सहा महिने घालवले तर बरं होण्याजोगं काही असेल तेही हातचं जाईल. एक अपवाद नोंदवते. मोठ्या आघातानंतर राहणाऱ्या पीटीएसडी या मानसिक त्रासावर काही अभ्यास आशादायक आहेत. 2016 चा 52 जणांचा एक आहे, पण त्यात तुलना नुसत्या वाट बघणाऱ्यांशी होती, खोट्या उपचाराशी नाही. ज्यांना फिट येतात त्यांच्याबाबत तर एकच: मशीनच्या भरवशावर फिटची गोळी कधीही, एक दिवसही थांबवायची नाही.

एवढं सगळं वाचूनही काहींना करून बघायचं असतं, आणि त्यात गुन्हा काही नाही. डोकं दुखणं, थकवा, चिडचिड याहून मोठा त्रास मी क्वचितच पाहिलाय. औषध आणि घरचं प्रशिक्षण सुरू असताना, पैसे उसने न घेता, जोड म्हणून केलं तर माझी हरकत नसते. मी स्वतः आजही दोन प्रकारच्या मुलांना घेते: ज्यांना औषध खरंच मानवलं नाही, आणि थोडी मोठी, ज्यांना स्वतःला हे शिकायची हौस आहे. पण तेव्हा अशी बोली असते. करणाऱ्या व्यक्तीचा आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचा, नोंदणी क्रमांक मागायचा. यंत्र विकत घेऊन चार दिवसांच्या वर्कशॉपवर सेंटर उघडणारे मला माहीत आहेत. चाळीस सेशनचे पैसे एकदम नाही, दहा-दहाचे. आणि मोजणी आईने करायची नाही. वर्गशिक्षिकेला एडीएचडीची लक्षणं मोजणारा वँडरबिल्टसारखा एक तक्ता सुरुवातीला भरायला द्यायचा आणि पंधरा सेशननंतर तोच पुन्हा. मधे काय चाललंय ते त्यांना सांगायचं नाही. पंधरानंतर बाईंच्या तक्त्यात काही हललं नसेल तर थांबायचं, स्क्रीनवरचं रॉकेट कितीही जोरात पळत असलं तरी. ही अट ऐकून सेंटरवाल्यांचा चेहरा कसा होतो ते बघा. 'कायमचा गुण' आणि 'गोळी बंद करा' ही दोन वाक्यं जिथे एकाच तोंडून येतात, तिथून मी माझ्या भाचीला हाताला धरून बाहेर काढलं होतं.

शनिवारची सूट जाऊ द्या, पुढच्या शनिवारीही असेल. सोमवारी बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना तीन कागद न्या: बाईंनी भरलेला तक्ता, मुलाची उंची-वजन लिहिलेली चिठ्ठी, आणि गोळीबद्दलचे तुमचे सगळे प्रश्न, त्या मेडिकलवाल्याच्या वाक्यासकट. वाचनाची चाचणी आधी की औषध आधी, हे त्यांनाच विचारा. मी तुमच्या जागी असते तर दोन्ही एकाच आठवड्यात सुरू केलं असतं. आणि त्याला तो रॉकेटचा गेम फारच आवडला होता असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तसले गेम मोबाइलवर फुकट मिळतात. गृहपाठाची दहा मिनिटं झाली की पाच मिनिटं खेळू द्या.